चिबड जमिनीवरची सावली

पावसाळ्यात शहरातले झाड कोसळले की दुसऱ्या दिवशीच्या बातमीत कारण ठरलेले असते: सोसाट्याचा वारा. कधी त्याला झाडाचे वय जोडले जाते, कधी फांद्या वेळेवर छाटल्या नाहीत असा आरोप होतो. पण पडलेल्या झाडाजवळ जाऊन पाहिले तर दोन निरनिराळे प्रकार दिसतात. मे महिन्यातल्या वळवाच्या वादळात फांद्या तुटतात, एखाद्या वेळी खोड मधूनच मोडते, पण मुळे बहुधा जागेवर असतात. जुलै-ऑगस्टच्या झडीत मात्र अख्खे झाड मुळासकट उलथते, आणि पुष्कळदा फारसा वारा नसतानाही. अशा उलथलेल्या बुंध्याखाली वाकून पाहावे. मुळांचा थर जेमतेम दीड-दोन फूट जाड, खालच्या बाजूने सपाट. त्याच्या खाली गेलेले जाड मूळ सापडत नाही. काही मुळांची साल बोटाने ओढली तरी सुटून येते आणि आतले लाकूड काळपट, मऊ लागते. मातीला आंबूस वास येतो, कधी कुजक्या अंड्यासारखा. हे झाड कित्येक पावसाळे जमिनीखाली गुदमरत होते. वारा फक्त शेवटी आला.

माझे म्हणणे असे आहे की पाणी साचणाऱ्या जागी मोठी शोभेची झाडे लावताना आपण चुकीचे प्रश्न विचारतो. फूल कोणत्या रंगाचे, झाड किती वर्षांत मोठे होईल, नर्सरीत काय तयार आहे, एवढे पाहून निवड होते. त्या जमिनीत पाणी किती दिवस उभे राहते, हे कुणी विचारत नाही. आणि जी झाडे नेमक्या अशाच जमिनीत पिढ्यान्‌पिढ्या उभी आहेत, ती ओढ्याकाठची, नदीकाठची, तळ्याकाठची झाडे ‘शोभेची’ नाहीत असे आपण मनाशी धरून बसलो आहोत. ती शोभेची आहेत. आपल्याकडच्या सर्वांत देखण्या झाडांपैकी काही त्यांतच आहेत.

आधी जमिनीखाली काय घडते ते पाहू. मुळे पाणी पितात तसाच श्वासही घेतात. चांगल्या, पोयट्याच्या जमिनीत आकारमानाचा जवळजवळ अर्धा भाग पोकळी असतो. त्यातली काही पाण्याने भरलेली, काही हवेने. पाऊस लागून राहिला आणि निचरा नसला की सगळ्या पोकळ्या पाण्याने भरतात. पाण्यातून प्राणवायू हवेपेक्षा सुमारे 10 हजार पटींनी हळू सरकतो. मुळे आणि मातीतले जिवाणू मिळून उरलासुरला प्राणवायू एक-दोन दिवसांत संपवून टाकतात. मग जिवाणू आधी नायट्रेटवर, नंतर मँगनीज आणि लोहाच्या संयुगांवर, आणि शेवटी गंधकाच्या संयुगांवर गुजराण करू लागतात. तो कुजका वास या शेवटच्या टप्प्याचा. मुळांची ताकद गेली की ती पाणी वर चढवू शकत नाहीत, आणि पाण्यात उभे असलेले झाड तहानल्यासारखे कोमेजते. पाने पिवळी पडून मान टाकताना दिसली की कुणीतरी आणखी एक पाइप आणून आळ्यात सोडतो. कमजोर झालेल्या मुळांत फायटोप्थोरासारखे रोग शिरतात. झाड लगेच मरत नाही. खोल गेलेली मुळे मरतात आणि वरच्या थरातली तेवढी जगतात. वरून हिरवेगार दिसणारे, दहा मीटरांचा घेर असलेले झाड दोन फुटांच्या मातीवर उभे राहते. ती माती पाण्याने भिजून ढिली झाली की ते कोसळायला फारसे निमित्त लागत नाही.

काही झाडांनी या अडचणीवर तोड काढली आहे. ठाण्याच्या खाडीत ओहोटीच्या वेळी तिवरांच्या बुंध्याभोवती चिखलातून वर आलेली श्वसनमुळे सगळ्यांनी पाहिली असतील. गोड्या पाण्यातही अशी झाडे आहेत. सिंधुदुर्गात दोडामार्ग तालुक्यातल्या बांबर्डे इथे रानजायफळाच्या कुळातल्या झाडांची दलदल आहे. गावकऱ्यांनी ती देवराई म्हणून राखली, आणि 2021 मध्ये राज्य सरकारने तिला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता दिली. गोव्यात सत्तरी तालुक्यातली निरंकाराची राई याच जातीची. तिथे झऱ्याच्या पाण्यात उभ्या असलेल्या झाडांची मुळे चिखलातून वर येतात, गुडघ्यासारखी वळतात आणि पुन्हा खाली जातात. पाण्यावर राहिलेल्या त्या वळणातून झाड हवा घेते. इतके टोकाचे रूप न घेणारी झाडे दुसरे उपाय करतात. पुरात बुडालेल्या खोडावर, पाण्याच्या पातळीच्या आसपास, सालीवर पांढरट भुसभुशीत पुटकुळ्या फुटतात. ती सालीची श्वासरंध्रे फुगलेली असतात. तिथूनच नवी मुळे फुटतात, जुनी खालची मेली तरी ही काम चालवतात. मुळांच्या आत हवेच्या नळ्यांसारख्या पोकळ जागा तयार होतात आणि पानांकडून आलेली हवा त्यांतून खाली पोचते. ही सोय प्रत्येक झाडाकडे नसते. खत घालून किंवा माया लावून ती आणताही येत नाही. म्हणून अशा जमिनीत निवड हाच सर्वांत मोठा निर्णय आहे, आणि लावल्यानंतरची निगा त्याची जागा घेऊ शकत नाही.

युरोप-अमेरिकेतल्या बागकामाच्या पुस्तकांत ओल्या जमिनीसाठी झाडांच्या लांबलचक याद्या असतात: बाल्ड सायप्रस, पाणथळीतले ओक, लाल मेपल, विलो. त्या याद्या तिथे खऱ्या आहेत. पण तिकडे पुष्कळ ठिकाणी जमीन भिजते ती हिवाळ्यात आणि बर्फ वितळताना, जेव्हा झाड पाने टाकून झोपलेले असते आणि थंड मातीत मुळांची प्राणवायूची गरज अगदी कमी असते. आपल्याकडे पाणी साचते ते जून ते सप्टेंबरमध्ये. माती कोमट असते, झाड पालवून वाढीच्या भरात असते, मुळांना सर्वांत जास्त हवा लागते, आणि नेमकी तेव्हाच ती तोडली जाते. मुंबईत वर्षाला सव्वादोन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो आणि त्यातला बहुतेक सगळा या चार महिन्यांत. 26 जुलै 2005 ला सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर पडला. शिवाय त्याच जमिनीत पुढचे आठ महिने फारसा पाऊस नसतो. देशावरच्या काळ्या जमिनीचे तर आणखी अवघड. तिच्यातली चिकणमाती भिजली की फुगते आणि मग ताशी जेमतेम काही मिलिमीटर पाणी खाली जाऊ देते. एप्रिलमध्ये तीच आकसते, हात जाईल अशा भेगा पडतात आणि त्या भेगांत बारीक मुळे ताणून तुटतात. तेव्हा आपल्याला हवे आहे ते झाड नुसते पाण्यात टिकणारे नको. चार महिने पाण्यात आणि आठ महिने कोरड्यात, दोन्ही सोसणारे हवे.

असे झाड शोधायला दूर जावे लागत नाही. देशावरची कुठलीही नदी, कुठलाही ओढा नेमका असाच वागतो. आषाढात काठ बुडतात, वैशाखात पात्रात वाळू उरते. ज्या झाडांना हे झेपले ती तिथे राहिली, ज्यांना झेपले नाही ती मागे डोंगरउतारावर गेली. ही निवड आपल्यासाठी निसर्गाने करून ठेवली आहे. सहाव्या शतकातल्या वराहमिहिराने बृहत्संहितेत जमिनीखालचे पाणी ओळखण्यावर एक अध्याय लिहिला. त्यात जांभूळ, उंबर, अर्जुन ही झाडे पाण्याची खूण म्हणून येतात. आजही गावाकडचा पाणाड्या उंबर दिसला की थबकतो. झाड कुठे आपणहून उगवले आहे, हे त्या झाडाबद्दलचे सर्वांत भरवशाचे विधान आहे.

याच कसोटीवर गुलमोहर घासून पाहा. तो मूळचा मादागास्करचा. 1820 च्या दशकात वनस्पतिशास्त्रज्ञ बोयर यांनी तो तिथे पाहिला आणि पुढे तो जगभर गेला. तिथले त्याचे घर म्हणजे चुनखडीच्या खडकांवरची कोरडी पानगळीची जंगले, जिथे पडलेले पाणी खडकाच्या फटींतून लगेच निघून जाते. साताऱ्यात 1 मे रोजी गुलमोहर दिन साजरा होतो आणि तो व्हावाच. मुरमाड उतारावर, मोकळ्या हवेत, मे महिन्यात पेटलेला गुलमोहर पाहून ज्याला आनंद होत नाही त्याच्याशी झाडांबद्दल काय बोलणार? पण तेच झाड भराव टाकून सपाट केलेल्या खाजणावर, दोन्ही बाजूंनी पेव्हर ब्लॉक घातलेल्या चार फुटी चौकोनात लावले, तर त्याला वाढायला जागा उरते ती फक्त वरच्या थरात. त्याची मुळे मुळातच उथळ पसरणारी, लाकूड ठिसूळ. मग ते झाड पडले की आपण झाडाला दोष देतो.

आता एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे, कारण हा मुद्दा हल्ली ‘देशी विरुद्ध विदेशी’ या भांडणात अडकतो. मला तो वाद इथे उपयोगाचा वाटत नाही. कडुनिंब पूर्ण देशी आहे आणि पाणी तुंबलेल्या जमिनीत तो तग धरत नाही. साग देशी आहे, त्यालाही निचरा लागतो. सोनचाफ्याला ओलावा आवडतो पण मुळाशी उभे पाणी चालत नाही. उलट पर्जन्यवृक्ष अमेरिकेच्या उष्ण प्रदेशातून आलेला, पण तो मोसमी पाणी बऱ्यापैकी सोसतो. मुंबईत तो मेला तो बव्हंशी निराळ्या कारणाने, गेल्या दशकात पिठ्या ढेकणाच्या हल्ल्यामुळे. एकाच जातीच्या रांगाच्या रांगा असल्या की कीड एका झाडावरून दुसऱ्यावर सहज जाते. अमेरिकेतले वृक्षशास्त्रज्ञ फ्रँक सॅन्टामूर यांनी 1990 मध्ये सुचवले की शहरात कुठल्याही एका जातीची झाडे 10 टक्क्यांहून जास्त असू नयेत. ओल्या जमिनीतही हे लागू आहे. उद्या सगळीकडे फक्त अर्जुन लावले तर आपण जुनीच चूक नव्या नावाने करू. मी ओढ्याकाठच्या झाडांचा आग्रह धरतो तो ती आपली म्हणून नाही. आपल्या पाण्याचा आणि आपल्या उन्हाळ्याचा, दोन्हींचा त्यांना सराव आहे म्हणून.

पाणी सोसते एवढ्यावरही निवड होऊ नये. कोनोकार्पस हे झुडुपासारखे झाड खारट, चिखलट जमिनीत झपाट्याने वाढते, वर्षभर हिरवे राहते, गुरे खात नाहीत. म्हणून अनेक शहरांनी ते रस्त्यांच्या दुभाजकांवर आणि मोकळ्या भूखंडांवर भरमसाट लावले. परागकणांचा त्रास आणि जमिनीखालच्या वाहिन्यांत शिरणारी मुळे यांमुळे गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली. फ्लोरिडात एव्हरग्लेड्सची दलदल सुकावी म्हणून विसाव्या शतकाच्या सुरुवातीला ऑस्ट्रेलियातले मेलाल्युका लावले गेले. ते पाण्यात इतके रमले की त्याने तिथल्या मूळ गवताळ पाणथळी गिळल्या, आणि ते काढायला अमेरिकेला आजही पैसा ओतावा लागतो.

कोणते झाड लावायचे हे ठरवण्याआधी जमिनीला विचारता येते, आणि त्याला प्रयोगशाळा लागत नाही. पावसाळा संपताना त्या जागी दोन फूट खोल खड्डा घ्यावा. कडांची माती पाहावी. ती तांबूस किंवा एकसारखी काळी, मोकळी असेल तर हवा खेळते आहे. राखाडी, निळसर झाक आणि त्यात गंजासारखे ठिपके दिसले तर तिथे दर वर्षी बराच काळ पाणी उभे असते. लोह प्राणवायूविना राहिले की असा रंग येतो. मग खड्डा पाण्याने भरावा, ते मुरू द्यावे आणि पुन्हा भरावा. दुसऱ्या दिवशी त्याच वेळी पाणी तसेच असले तर ती जमीन चिबड आहे, मग वरून ती कितीही हिरवी दिसो. समुद्राजवळ किंवा उसाच्या पट्ट्यात मातीची चव आणि पांढरा थरही पाहावा लागतो. सांगली-कोल्हापूरकडे कालव्याच्या आणि उपशाच्या पाण्याने अनेक शिवारे क्षारपड झाली आहेत. तिथे पाण्याबरोबर मीठही सोसावे लागते आणि यादी आणखी आखूड होते.

आता झाडांकडे वळू. सगळ्यांचा पाढा वाचण्यात अर्थ नाही. जी मला मनापासून सुचवावीशी वाटतात तीच सांगतो.

तामण आपले राज्यपुष्प आहे, पण मुंबई-पुण्यातल्या कितीजणांना ते झाड ओळखता येईल याची शंका वाटते. कोकणात आणि घाटाच्या पायथ्याशी ते ओढ्याच्या कडेला, पाण्याला पाय लावून उभे असते. एप्रिल-मेमध्ये फांदीच्या टोकाला जांभळ्या फुलांचे घोस येतात. पाकळ्या कुरळ्या, चुरगळलेल्या रेशमी कापडाच्या पोताच्या. पाने गळण्याआधी तांबूस होतात. खोड सरळ, मुकुट भरदार, आकार रस्त्याला शोभेल असा. कोकणातल्या किंवा मुंबईतल्या सखल रस्त्याच्या कडेला याहून चांगले झाड मला माहीत नाही. देशावर पाऊस कमी, तिथे त्याला उन्हाळ्यात पाण्याची सोय करावी लागेल.

देशावर पहिला मान अर्जुनाचा. नदीच्या काठावर, निम्मी मुळे उघडी पडलेली, तरी ठाम उभे असलेले हे झाड एकदा ओळखले की विसरत नाही. साल गुळगुळीत, फिकट राखाडी, पापुद्रे निघून खाली गुलाबीसर रंग दिसणारी. उंची 20-25 मीटरपर्यंत जाते, बुंध्याला आधाराचे कंगोरे फुटतात. याला डोळ्यात भरणारी फुले नाहीत, आणि ‘शोभेचे झाड’ म्हणजे फुलांचे झाड अशा समजुतीमुळे तो मागे राहतो. माझ्या मते हा समज सोडायला हवा. इतक्या रुंद सावलीचे, संध्याकाळच्या उन्हात चमकणाऱ्या खोडांचे दुतर्फा झाड असेल तर रस्त्याला आणखी कसली शोभा हवी? त्याला मोठी जागा मात्र लागते; इमारतीपासून दहा-बारा मीटर दूर लावता येत नसेल तर लावू नये.

करंज सगळ्यांना ठाऊक आहे, म्हणून त्याची किंमत नाही. उन्हाळ्यात पाने गळतात आणि थोड्याच दिवसांत सगळे झाड कोवळ्या, चकचकीत पोपटी पालवीने भरते. मार्च-एप्रिलच्या रखरखाटात इतका थंड हिरवा रंग दुसऱ्या कुठल्या झाडाला क्वचितच असेल. नंतर फिकट जांभळ्या फुलांचा सडा पडतो. पाणी, खारटपणा, काळी जमीन, दुष्काळ, सगळे तो सोसतो, आणि मुळांवरच्या गाठींतून हवेतला नत्र जमिनीत आणतो. क्षारपड शिवाराकडेच्या रस्त्यांना आणि शाळांच्या मैदानांना करंजासारखा सोबती नाही. समुद्राच्या जवळ त्याच्या जोडीला पारोसा भेंड आणि उंडी घ्यावीत. उंडीच्या तेलाने कोकणातल्या होड्या राखल्या गेल्या, आणि तिची जाड चकचकीत पाने व पांढरी सुगंधी फुले कुठल्याही बागेला शोभा आणतील.

ज्या झाडाबद्दल मला सर्वांत जास्त हळहळ वाटते ते निवर, ज्याला समुद्रफळही म्हणतात. तळ्याच्या कडेला, जिथे पावसाळ्यात खोड फूट-दोन फूट पाण्यात असते, तिथेही ते आनंदाने राहते. फांद्यांवरून हातभर लांब, लोंबत्या मंजिऱ्या सुटतात. रात्री त्यांतली फुले उमलतात, लाल पुंकेसरांचे झुपके, आणि सकाळ होता होता ती गळू लागतात. पहाटे झाडाखालचे पाणी किंवा जमीन लाल होते. शहरातल्या तलावांभोवती सुशोभीकरणासाठी कोट्यवधी रुपये खर्च होतात, ग्रॅनाइटच्या फरशा बसतात, रंगीत दिवे लागतात, कुंड्यांत पाम ठेवले जातात, आणि तळ्याकाठी जन्मलेले हे झाड तिथे नसते. हे मला अतिशय खटकते. त्याच्या शेजारी कळंब लावता येईल. तोही तळ्याकाठच्या चिकण जमिनीतला, पसरट, दाट सावलीचा. भरतपूरच्या केवलादेव उद्यानात पाण्यात उभ्या बाभळींवर चित्रबलाकांची घरटी असतात, आणि त्याच उद्यानात कळंब व जांभूळ मोठ्या संख्येने आहेत. ते पाहिल्यावर पाणी आणि झाड यांच्यात भांडण असायलाच हवे असे वाटत नाही.

जांभूळ आणि उंबर यांना पाणी चालतेच, अडचण फळांची. जूनमध्ये जांभळे पडून रस्ता निसरडा होतो, दुचाकी घसरतात. तेव्हा ती फुटपाथवर नकोत, पण उद्यानात, मैदानाच्या कडेला, नाल्याच्या काठावर अगत्याने हवीत, कारण पक्ष्यांचे आणि मुलांचे त्यांच्याइतके भले दुसरे झाड करत नाही. कदंबाची हल्ली फॅशन आहे. त्याला ओल आवडते, पावसाळ्यात गोल सोनेरी फुले येतात, वाढ झपाट्याने होते. पण झपाट्याने वाढलेले लाकूड मऊ असते. मोकळ्या जागेत लावावा, वाहनतळाशेजारी नाही.

एक फरक लक्षात ठेवायला हवा. वाहते पाणी आणि साचलेले पाणी एक नव्हे. वाहत्या पाण्यात प्राणवायू सतत मिसळत राहतो, साचलेल्यात तो संपतो. सीताअशोक किंवा घाटातला वाळुंज ओढ्याकाठी वाढतात म्हणून ते पार्किंगच्या खोलगट कोपऱ्यात जगतील असे नाही. उभ्या पाण्यासाठी निवर, कळंब, करंज, जांभूळ, अर्जुन. आणि जिथे पाणी येऊन निघून जाते तिथे सीताअशोकाचा विचार करावा.

यावर नेहमीचा आक्षेप असा, की जमिनीचा निचराच नीट करा, मग हवे ते लावा. काही ठिकाणी हे रास्त आहे. घराच्या पायाशी पाणी साचत असेल तर चर काढायलाच हवा. पण शहरभर हेच धोरण केले तर एका भूखंडावरचे पाणी शेजारच्या भूखंडावर जाते, तिथून नाल्यात, आणि नाले सिमेंटचे झाले असल्याने थेट सखल वस्तीत. एखाद्या झाडाच्या हौसेसाठी पाण्याला तिकडे ढकलणे मला मान्य होत नाही. पाण्यात राहणारे झाड लावले तर ते पाणी तिथेच थांबते, मुरते, आणि पानांवाटे हवेत जाते. पंजाब-हरियाणात पाणी तुंबलेल्या शेतांत नीलगिरी लावून पाण्याची पातळी खाली नेण्याचे काम झाले आहे. झाड हा निचऱ्याचा एक मार्गच आहे, फक्त योग्य झाड हवे.

लागवडीच्या पद्धतीतही एक चूक घट्ट रुजली आहे. काळ्या किंवा चिकण जमिनीत तीन फुटी खड्डा घेतात, त्यात पोयटा, शेणखत आणि वाळू भरतात, तळाशी खडी टाकतात. आजूबाजूची माती पाणी सोडत नाही, त्यामुळे तो खड्डा म्हणजे हौद होतो. सगळ्या परिसराचे पाणी त्यात उतरते आणि रोप त्याच्या तळाशी उभे राहते. खडीने निचरा होत नाही. बारीक मातीतले पाणी खाली खडीत उतरण्याआधी माती पूर्ण भिजावी लागते, म्हणजे मुळांभोवतीची ओल वाढतेच. चिबड जमिनीत खड्डा उथळ पण रुंद घ्यावा, तीच माती परत भरावी, आणि रोप फूट-दीड फूट उंचवट्यावर लावावे, बुंध्याची मान जमिनीच्या वर राहील असे. पाणी बुंध्यापासून दूर उतरेल असा उतार ठेवावा. नर्सरीतल्या पिशवीत मुळे गोल गुंडाळलेली असतील तर ती सोडवावीत, नाहीतर झाड मोठे होऊनही ती गुंडाळी तशीच राहते आणि वाऱ्यात झाड धरून ठेवायला मूळ बाहेर जात नाही. आणि काँक्रीट बुंध्यापर्यंत आणू नये. दिल्लीत राष्ट्रीय हरित लवादाने 2013 मध्ये झाडांभोवती एक मीटरपर्यंतचे काँक्रीट काढायला सांगितले होते. ओल्या जमिनीत हे जास्तच लागू आहे, कारण मुळांना जी थोडी हवा मिळते ती फक्त वरून.

इतके सांगूनही एक मर्यादा घालतो. प्रत्येक ओली जमीन झाडांसाठी नसते. कोकणातले कातळसडे पावसाळ्यात पाण्याने भरतात आणि त्यांवर लहान लहान फुलांचे, कीटकांचे, बेडकांचे मोठे जग चार महिन्यांत जन्मून संपते. खाजणातली, खाडीकाठची गवताळ पाणथळ ही पक्ष्यांची जागा आहे. पडीक समजून तिथे खड्डे घेऊन झाडे लावणे म्हणजे त्या जगावर घाला. मी बोलतो आहे ते रस्ते, सोसायट्या, शाळा, बागा, तलावांचे बांधलेले काठ, आणि माणसाने आधीच बदललेल्या सखल जमिनींबद्दल.

राहिला प्रश्न रोपांचा. महाराष्ट्रात नागरी भागांतल्या झाडांसाठी 1975 चा कायदा आहे, वृक्ष प्राधिकरणे आहेत. 2021 च्या दुरुस्तीने 50 वर्षांवरच्या झाडांना वारसा वृक्ष ठरवले, आणि तोडलेल्या झाडाच्या वयाइतकी नवी झाडे लावण्याचे बंधन आले. चर्चा होते ती संख्येची. मग ठेकेदार जी रोपे शेकड्याने मिळतात ती आणतो. निवर आणि कळंब नर्सरीत मागितले तर मिळत नाहीत, कारण मागणी नाही. मागणी नाही, कारण मिळत नाहीत. दुसरीकडे नदीसुशोभीकरणात काठावरचे जुने अर्जुन, करंज, वाळुंज तोडले जातात, म्हणजे बियांचा आपला साठाच आपण संपवतो. हे चक्र मोडायचे तर प्राधिकरणांनी दोन वर्षे आधी मागणी नोंदवली पाहिजे, आणि लागवडीच्या यादीत प्रत्येक जागेपुढे झाडाच्या नावाआधी त्या जागेच्या खड्ड्याच्या चाचणीचा निकाल लिहिला गेला पाहिजे. बी गोळा करायचे वेळापत्रक अवघड नाही. अर्जुनाची पाच पंखांची फळे उन्हाळ्याआधी आणि उन्हाळ्यात तयार होतात, तामणाची बोंडे हिवाळ्यात तडकून पंखाचे बी सोडतात, करंजाच्या शेंगा उन्हाळ्यात खाली पडतात. जांभळाचे बी मात्र साठवता येत नाही. सुकले की मरते. ते जूनमध्ये फळ पडताच, गर धुऊन, त्याच आठवड्यात पिशवीत लावावे लागते.